एकदा दाबलं, दोनदा वाजलं: घरी बनवलेल्या बेस पेडलचा हट्टी दोष

पायाने सी दाबला. खर्जातला लांब सूर हवा होता, तो आला. पण पाय उचलला आणि पाठोपाठ आणखी एक ‘डुं’ आला, कुणीही न मागितलेला. दर वेळी येत नाही. दहादा दाबलं तर दोनतीनदा येतो, आणि तपासायला बसलं की तासभर गप्प राहतो.

पायाने वाजवायची इलेक्ट्रॉनिक बेस पेडल स्वतः बनवणाऱ्याला हा दोष कधी ना कधी भेटतोच. मी तो तीनदा ‘दुरुस्त’ केला आणि तीनदा तो परत आला. आधी स्विच बदलले. मग कोडमधली डीबाउन्सची (स्विचची थरथर दुर्लक्षित करण्याची) वेळ वाढवली, २० मिलीसेकंदांवरून ५०, ५० वरून १००. दुहेरी आवाज कमी झाला, पण जलद वाजवताना सूर गळायला लागले. शेवटी वैतागून सगळी वायरिंग नव्याने केली, तरी पुन्हा तेच. चूक एवढीच होती की मी ज्याला एक दोष समजत होतो ते निदान चार निरनिराळे दोष होते, आणि कानाला चारही सारखेच ऐकू येतात. त्यांना वेगळं ओळखायचं तर दोन घटनांमधला वेळ मोजावा लागतो. तो मोजेपर्यंत स्क्रूड्रायव्हरला हात लावू नका, आणि कोडलाही.

माझा संच

पुढचे आकडे कशाचे आहेत ते कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. एका जुन्या घरगुती ऑर्गनमधून काढलेली तेरा पेडलची चौकट आहे: खालच्या सी पासून वरच्या सी पर्यंत, आठ पांढरी, पाच काळी. ऑर्गनचं मूळ सर्किट मेलेलं होतं, ते काढून टाकलं. प्रत्येक पेडलखाली पातीवाला मायक्रोस्विच आहे. त्याचं एक टोक सामाईक ग्राउंडला, दुसरं प्रो मायक्रो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाच्या एकेका पिनला. या बोर्डावर ३२यू४ चिप असल्यामुळे संगणकाला तो थेट यूएसबी मिडी उपकरण म्हणून दिसतो (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप धाडायची भाषा). तेरा पेडल, ऑक्टेव्हची (सगळे सूर सप्तकभर वर-खाली नेणारी) दोन बटणं आणि पाच पिनांच्या मिडी सॉकेटसाठी एक, असे सोळा पिन लागतात आणि तेवढे त्यावर आहेत. म्हणून मॅट्रिक्सच्या, म्हणजे थोड्या पिनांवर आडव्या-उभ्या तारांच्या जाळीने जास्त स्विच जोडण्याच्या, फंदात पडलो नाही. तुम्ही पडला असाल तर प्रत्येक स्विचला १एन४१४८ डायोड आहे का ते आधी बघा. डायोड नसतील तर विशिष्ट तीन पेडल एकदम दाबल्यावर चौथं आपोआप वाजतं. तो दोष वेगळा, आणि त्याचा उपायही तेवढाच.

तेरा हा आकडा माझ्या मनचा नाही. छोट्या घरगुती ऑर्गनना तेराच पेडल असत, आणि १९७० च्या दशकात मूगने काढलेल्या टॉरस पेडललाही तेराच. जेनेसिस आणि रश यांसारख्या बँडच्या वादकांनी ती पायाखाली घेतली आणि हात गिटारसाठी मोकळे ठेवले. टॉरसमध्ये आवाज आतच तयार होई. आपली पेडल फक्त निरोप धाडतात, आवाज काढतो तो सिंथ किंवा संगणक. म्हणून पहिला प्रश्न असा: दुसरा निरोप खरंच गेला का?

विंडोजवर मिडी-ऑक्स, लिनक्सवर एसेकडम्प, मॅकवर मिडी मॉनिटर, यांपैकी निरोप दाखवणारा कुठलाही प्रोग्रॅम उघडा आणि पेडल दाबा. नोट ऑन (सूर सुरू करण्याचा निरोप) एकदाच दिसतोय आणि आवाज मात्र दोनदा येतोय, असं असेल तर पेडलला निर्दोष सोडा. बहुतेक वेळा यूएसबी आणि पाच पिनांचं सॉकेट अशा दोन्ही वाटांनी तोच सूर एकाच सिंथकडे पोचत असतो, किंवा सिंथचं मिडी आउट फिरून पुन्हा त्याच्याच इनमध्ये येत असतं. एक वाट बंद केली की झालं.

मॉनिटरवर नोट ऑन दोनदा दिसत असेल तर पुढे वाचा.

आधी मोजा

एक छोटा, फक्त तपासणीपुरता प्रोग्रॅम लिहा. त्यात डीबाउन्स अजिबात नको. सगळे पिन सतत वाचायचे आणि एखादा बदलला की तीन गोष्टी टिपून ठेवायच्या: पेडलचा क्रमांक, दाबलं की सुटलं, आणि त्या क्षणाचा वेळ मायक्रोसेकंदांत. टिपलेलं लगेच छापायला जाऊ नका. ११५२०० बॉडला (सेकंदाला एवढे बिट) वीस अक्षरं जायला पावणेदोन मिलीसेकंद लागतात आणि बफर भरला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. म्हणजे ज्या थरथरीचा शोध घ्यायचा तीच नेमकी निसटते. शंभर नोंदी मेमरीत साठवा आणि नंतर एकदम छापा.

इथे एक सापळा आहे, त्यात मी अर्धा दिवस घालवला. आर्डुइनोच्या ऊनो किंवा नॅनो बोर्डावर मिडी आणि छापणं एकाच सिरियल वाटेने जातं. तपासणीची एक छापायची ओळ कोडमध्ये तशीच राहिली आणि मिडीची केबल जोडलेली असली, की सिंथ भलतेच सूर काढू लागतो. भुताटकी नाही, साधं गणित आहे. मिडीत १२८ पेक्षा लहान बाइट म्हणजे डेटा, आणि रनिंग स्टेटसच्या नियमाप्रमाणे नोट ऑनची आज्ञा एकदा मिळाली की पुढचे डेटा बाइट जोडीजोडीने नवीन सूर म्हणून वाचले जातात. तुम्ही ‘60’ (मिडीत हा एका सीचा क्रमांक) छापलंत तर त्यातल्या अक्षरांचे कोड ५४ आणि ४८. सिंथला ते ‘५४ क्रमांकाचा सूर, ४८ जोराने’ असं ऐकू येतं, म्हणजे एफ शार्प. तुम्ही सी दाबताय आणि मध्येच एफ शार्प उमटतोय, तर आधी कोडमध्ये उरलेली छापायची ओळ शोधा.

मोजताना प्रत्येक पेडल वीसवीस वेळा तीन तऱ्हांनी दाबा. सावकाश दाबून सावकाश सोडा. मग नेहमी वाजवता तसं दाबा. मग अंगठ्याने टिचकी मारल्यासारखं झटकन दाबून पाय काढून घ्या. तिसरी तऱ्हा विसरू नका, माझे निम्मे दोष तिच्यातच सापडले.

१० मिलीसेकंदांच्या आतली थरथर

दाबल्याच्या किंवा सोडल्याच्या क्षणी ऑन-ऑफ-ऑन-ऑफ असा गुच्छ दिसला आणि तो ५-१० मिलीसेकंदांत शांत झाला, तर ती संपर्काची नेहमीची थरथर. धातूची पाती धातूवर आपटते आणि काही वेळा उडते. माझ्या स्विचमध्ये ती २ ते ६ मिलीसेकंद होती. जुन्या ऑर्गनच्या तारेच्या संपर्कांत वीसच्या पुढेही जाऊ शकते. हिच्यासाठी स्विच बदलू नका. नवा स्विचही थरथरतो.

उपाय कोडमध्ये आहे, पण बहुतेक जण लिहितात तसा नाही. पिन बदलला की ‘डिले’ लावून ३० मिलीसेकंद थांबायचं ही सगळ्यात वाईट पद्धत. तेवढा वेळ बाकीची बारा पेडल बहिरी होतात आणि सुरालाही उशीर होतो. त्याऐवजी दाबणं आणि सोडणं यांना वेगळे नियम लावा. दर मिलीसेकंदाला पिन वाचा. लागोपाठ दोनदा ‘दाबलेलं’ वाचलं गेलं की लगेच नोट ऑन धाडा. सोडण्यासाठी मात्र पिन सलग १५-२० मिलीसेकंद ‘सुटलेला’ दिसेपर्यंत थांबा, मगच नोट ऑफ. मधे एकदा जरी पुन्हा ‘दाबलेलं’ दिसलं तरी मोजणी शून्यापासून सुरू. सूर सुरू व्हायला उशीर झाला तर कळतो, संपायला २० मिलीसेकंद जास्त लागले तर कुणाला कळत नाही.

सुरुवातीच्या एकदोन मिलीसेकंदांवरून जिवाला घोर लावून घेणारेही असतात. सर्वांत खालच्या, ३२.७ हर्ट्झच्या सी ला स्वतःचं एक आवर्तन पुरं करायलाच ३० मिलीसेकंद लागतात. मिडीच्या केबलमधून एक नोट ऑन जायला जवळजवळ १ मिलीसेकंद लागतो, आणि ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा ऑडिओ बफर ठेवलात तर वर आणखी सव्वापाच. बेसमध्ये २ मिलीसेकंदांची काटकसर करून पदरात काही पडत नाही.

या कोडमधली एक नेहमीची चूक. पेडल छान वाजतात आणि सुरू केल्यापासून साधारण ३२ सेकंदांनी विचित्र वागायला लागतात, असं होत असेल तर वेळ साठवायचा व्हेरिएबल ‘इंट’ प्रकारचा ठेवलाय का ते बघा. या छोट्या बोर्डांवर इंट १६ बिटचा असतो आणि ३२,७६७ च्या पुढे तो ऋण होतो. मिलीसेकंदांत हे ३२.८ सेकंद. ‘अनसाइन्ड लाँग’ वापरा, आणि तुलना करताना नेहमी ‘आत्ताचा वेळ वजा तेव्हाचा वेळ’ अशीच करा. मग ४९ दिवसांनी घड्याळ पुन्हा शून्यावर आलं तरी फरक पडत नाही.

५० ते १५० मिलीसेकंद: दोष लाकडात आहे

माझा खरा गुन्हेगार इथे होता. नोंदी अशा दिसायच्या: दाबलं, ८०० मिलीसेकंदांनी सुटलं, आणि सुटल्यावर ७० ते ९५ मिलीसेकंदांनी पुन्हा ‘दाबलं’, तेही जेमतेम १०-१५ मिलीसेकंद. विजेच्या संपर्काला थरथरायला एवढा वेळ लागत नाही. एवढा वेळ लागतो तो पेडललाच. पाय उचलला की स्प्रिंग पेडलला वर फेकते, ते वरच्या अडणीवर आपटतं, उसळी खाऊन खाली येतं आणि जाता जाता स्विचला पुन्हा टिचकी मारतं.

खात्री करायची असेल तर फोनचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. सेकंदाला २४० चौकटी म्हणजे एक चौकट चार मिलीसेकंदांची, ८० मिलीसेकंदांच्या उसळीला वीसेक चौकटी मिळतात. पेडल दाबलं की बोर्डावरचा एलईडी लागेल असं कोडमध्ये करा आणि पेडल व एलईडी दोन्ही एकाच दृश्यात घ्या. पेडल वर आपटताना, मग खाली झुकताना आणि एलईडी लुकलुकताना बघितल्यावर माझ्या सगळ्या शंका संपल्या. थोडी लाजही वाटली, कारण तोवर त्या बिचाऱ्या पेडलचे सहा स्विच फेकून झाले होते.

यावर डीबाउन्सची वेळ १०० मिलीसेकंद करणं हा उपाय वाटतो, आणि तो मी केलाही होता. पण मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचे चार भाग केले तर प्रत्येक भाग १२५ मिलीसेकंदांचा. त्यातला निम्मा वेळ पाय पेडलवर असतो, उरतात साठेक. सुटल्याची खात्री करायला कोड १०० मिलीसेकंद थांबणार असेल, तर एकाच पेडलवर लागोपाठ वाजवलेले दोन सूर चिकटून एक होतात. माझे गळणारे सूर हेच होते. पेडलची उसळी पेडलवरच थांबवायची.

पहिलं, वरची अडण. तिथे स्पंज किंवा रबराची पट्टी असेल तर काढा. या गोष्टी ऊर्जा फारशी गिळत नाहीत, बरीचशी परत देतात. चेंडू रबराचा असतो तो उगाच नाही. तिथे दाट दाबलेलं लोकरीचं फेल्ट हवं, माझ्याकडे ५ मिलिमीटर जाडीचं आहे. जुन्या ऑर्गनमधलं मूळ फेल्ट वर्षानुवर्षं दाबून पुठ्ठ्यासारखं झालेलं असतं. दिसायला शाबूत, पण काम संपलेलं. नखाने दाबून बघा, खड्डा पडत नसेल तर बदला.

दुसरं, स्विच कुठे लागतो ते. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हेच मी शेवटी केलं. माझ्या पेडलचा पुढच्या टोकाचा प्रवास १५ मिलिमीटर आहे. सूर झटकन यावा म्हणून मी स्विच असा बसवला होता की ३ मिलिमीटर दाबताच तो लागायचा. म्हणजे वरून परतणाऱ्या ४ मिलिमीटरच्या उसळीनेही तो लागणारच. स्विच खाली सरकवला, ८-९ मिलिमीटरवर लागेल असा केला, आणि तेरापैकी अकरा पेडल त्याच संध्याकाळी गप्प झाली. फेल्ट बदलण्याच्या आधीच. वाजवताना फरक जाणवेल अशी भीती होती, पण दोनेक दिवसांत पायाला सवय झाली. उलट चुकून शेजारच्या पेडलला लागलेला पाय आता वाजत नाही, हा वरचा फायदा.

अगदी खालीही नेऊ नका. तळाच्या अडणीला टेकण्याआधी जेमतेम मिलिमीटरभर स्विच लागत असेल तर जोरात टिचकी मारल्यावर पेडल तळावरून उसळतं आणि आता दुहेरी सूर दाबताना येतो. नोंदीत तो सहज ओळखता येतो: पहिलं ‘दाबलं’ फारच थोडा वेळ टिकतं, मग छोटी फट, मग लांब ‘दाबलं’. सुटताना येणाऱ्या दोषाच्या बरोबर उलट.

तिसरं, स्प्रिंग. पेडल वर असताना स्प्रिंगमध्ये थोडा ताण शिल्लक हवा, म्हणजे पेडल अडणीला दाबून धरलं जातं. पेडल वर असताना बोटाने हलवलं की खुळखुळ होत असेल तर ताण कमी आहे. पातीची स्प्रिंग असेल तर मागचा स्क्रू अर्धा फेरा आवळून बघा. जास्त आवळलंत तर पेडल जोरात वर जाईल आणि उसळी वाढेल, म्हणून अर्ध्या फेऱ्याने सुरुवात करा आणि पुन्हा मोजा.

मायक्रोस्विचऐवजी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की काचेच्या नळीत लागणारा स्विच) आणि चुंबक लावले असतील तर याच वेळेतला आणखी एक दोष संभवतो. चुंबकाचा अक्ष रीडच्या नळीला समांतर ठेवून चुंबक नळीच्या लांबीच्या दिशेने सरकत असेल, तर मधल्या मुख्य टापूच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे टापू असतात, तिथेही रीड लागतो. पेडल सावकाश दाबलं की एकाच प्रवासात सूर दोनदा येतो. ओळखायची खूण: झटकन दाबलं तर दोष कमी, हळू दाबलं तर हमखास. चुंबक बाजूने, नळीच्या मध्यावर सरळ जवळ येईल असा बसवा. फार ताकदवान चुंबक असेल तर शेजारच्या पेडलचाही रीड ओढला जातो, तेव्हा बटणाएवढं लहान चुंबक पुरे.

दाबून धरलेलं असताना मधेच तुटणं

पाय हललेला नाही, लांब सूर चालू आहे, आणि मधेच तो तुटून पुन्हा सुरू होतो. अंतराला काही ताल नाही. कधी अर्ध्या सेकंदाने, कधी पाच सेकंदांनी, आणि बहुतेक वेळा पायाचा भार थोडा बदलला की. माझ्या एफ शार्पला हेच झालं होतं.

याचं कारण ऐकून मला जरा गंमत वाटली: स्विच कामासाठी फार मोठा होता. मुख्य विजेवरची उपकरणं चालू-बंद करायला केलेल्या मायक्रोस्विचचे संपर्क चांदीच्या मिश्रधातूचे असतात. त्यावर काळपट थर चढतो, आणि मोठा प्रवाह असला की ठिणगीने तो जळून जातो. आपण मात्र चिपचा आतला पुल-अप (स्विच सुटलेला असताना पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रोध) वापरतो, तो २० ते ५० किलोओहमचा. ५ व्होल्टला हिशोब केला तर प्रवाह ०.१ ते ०.२५ मिलीअँपिअर. एवढ्याने थर जळणं लांबच, तो नीट भेदलाही जात नाही. मल्टिमीटर लावून स्विच तपासला की बीप बिनचूक वाजतो, म्हणून हा दोष फार दिवस लपून राहतो.

प्रत्येक पिनपासून ५ व्होल्टपर्यंत बाहेरून १ किलोओहमचा रोध लावा. आता स्विचमधून ५ मिलीअँपिअर जातील. हा प्रवाह रोधातून स्विचकडे आणि तिथून ग्राउंडला जातो, चिपच्या पिनमधून नाही, तेव्हा बोर्डाची काळजी नको. तेरा पेडल एकदम दाबली तरी ६५ मिलीअँपिअर होतात, यूएसबीला ते जड नाहीत. नवीन स्विच घेणारच असाल तर हलक्या प्रवाहासाठी केलेले, सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचे घ्या. रीड स्विचचा संपर्क काचेच्या नळीत बंद असतो, त्याला हा त्रास होत नाही.

जुन्या ऑर्गनच्या मूळ तारांचे संपर्क वापरत असाल तर ते साफ करा, पण सँडपेपरने कधीच नाही. वरचा पातळ मुलामा एकदा गेला की गेला. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दोन संपर्कांमध्ये सरकवा, पेडल हलकं दाबून धरा आणि पट्टी ओढून काढा. पट्टीवरचा काळा डाग बघूनच समाधान होतं.

२० मिलीसेकंदांचा ठोका

कोणी पेडलला हातही लावलेला नाही आणि नोंदींत ऑन-ऑफ ऑन-ऑफ अशी नियमित रांग दिसते, दर २० मिलीसेकंदांनी. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन एवढंच असतं (६० हर्ट्झ असेल तिथे १६.७). तो पिन मोकळा लोंबकळतोय आणि आजूबाजूच्या तारांमधली गुणगुण पकडतोय. पुल-अप चालू करायचा राहिलाय, किंवा रोधाचा सोल्डरचा डाग कोरडा आहे. पाच मिनिटांचं काम.

नॅनो वापरणाऱ्यांनी ए६ आणि ए७ हे पिन पेडलसाठी घेऊ नयेत. ते फक्त ॲनालॉग वाचतात, त्यांना डिजिटल वाचन नाही आणि आतला पुल-अपही नाही. त्याच बोर्डाच्या १३ क्रमांकाच्या पिनवर एलईडी आहे. आतला पुल-अप लावला तर एलईडी तो पिन खाली ओढून धरतो आणि ते पेडल कायम दाबलेलं दिसतं. तेरावं पेडल बरोबर तेराव्या पिनला जोडायचा मोह होतो, म्हणून सांगितलं.

आणखी एक झटपट ओळख: एका ठराविक पेडलपासून पुढची सगळी मुकी झाली असतील तर सामाईक ग्राउंडची तार तिथे तुटली आहे. ती एका स्विचवरून दुसऱ्यावर अशी साखळीने नेलेली असते, एक डाग सुटला की पुढचे सगळे गेले.

सूर अडकून राहतो तेव्हा

दुहेरी सुराचा हा चुलतभाऊ. पाय उचलला तरी बेस घुमतच राहतो. मॉनिटरवर नोट ऑन आहे, नोट ऑफही आहे, तरी आवाज थांबत नाही. दोन्हींचे क्रमांक नीट वाचा. ऑन ३६ चा आणि ऑफ ४८ चा दिसला तर दोष सापडला: पेडल दाबलेलं असताना मधेच ऑक्टेव्हचं बटण दाबलं गेलं. सोडताना कोडने नवीन ऑक्टेव्हप्रमाणे क्रमांक काढला, आणि ३६ ला थांब म्हणणारं कुणी उरलं नाही.

यासाठी तेरा घरांची एक यादी ठेवा. नोट ऑन धाडताना जो क्रमांक धाडला तो त्या पेडलच्या घरात लिहायचा, आणि सोडताना नव्याने हिशोब न करता घरातला क्रमांक धाडायचा. चॅनेल बदलायची सोय असेल तर चॅनेलही तसंच लिहून ठेवा. एवढ्या छोट्या बदलाने जो मनस्ताप वाचतो त्याला तोड नाही.

तरीही यूएसबीची तार वाजता वाजता निघाली की सूर अडकणारच, कारण ऑफ पोचलाच नाही. म्हणून दोन्ही ऑक्टेव्ह बटणं एकदम दोन सेकंद दाबली की सगळं थांबेल अशी सोय करून ठेवा. कंट्रोलर १२३ म्हणजे सगळे सूर बंद करण्याची आज्ञा, पण काही सिंथ ती मानत नाहीत, तेव्हा सोबत एकेका सुराचा ऑफही धाडा. १२८ सुरांचे ऑफ पाच पिनांच्या केबलमधून जायला १२३ मिलीसेकंद लागतात. घबराटीच्या क्षणी तेवढे चालतात.

दोन पेडल एकदम

पाय सरकवताना दोन शेजारची पेडल क्षणभर एकत्र दाबली जातात आणि खाली चिखल होतो. दोन वेगवेगळे क्रमांक दिसत असतील तर हा दोष नव्हे, वाजवण्याचा भाग आहे. कोड एकसुरी करा: एका वेळी एकच सूर. मग प्रश्न उरतो की कोणता. जुन्या मिनीमूगमध्ये खालच्या सुराला मान होता. मला पायाखाली शेवटी दाबलेल्याला मान दिलेला आवडतो, कारण खालून वर जातानाही सूर लगेच बदलतो. नवीन पेडल सुटलं आणि जुनं अजून दाबलेलंच असेल तर जुना सूर पुन्हा सुरू करायचा की नाही, हे मात्र वाजवून ठरवा. मी बंद ठेवलंय. चालू असताना सैल टाचेमुळे पुन्हा तोच ‘डुं’ यायचा, आणि मी पुन्हा स्विचला शिव्या द्यायचो.

हो, आणि तपासताना लॅपटॉपच्या स्पीकरवर विसंबू नका. ३२.७ हर्ट्झ त्याला झेपत नाही, तुम्हाला सुराची फक्त सुरुवातीची टकटक ऐकू येते आणि खालचे सूर गळताहेत असं वाटतं. तपासणीपुरते सगळे क्रमांक दोन ऑक्टेव्ह वर नेऊन ऐका.

हे सगळं झाल्यावर माझं एकच पेडल उरलं, ई. नोंदीत ३१ मिलीसेकंद, ना थरथरीच्या गटात ना उसळीच्या. तार बदलून दुसऱ्या पिनला लावली, दोष पेडलबरोबरच राहिला. म्हणजे बोर्ड आणि कोड सुटले. फेल्ट ठीक, स्प्रिंग ठीक. शेवटी स्लो मोशनमध्ये पेडलकडे न बघता स्विचकडे बघितलं, तर पेडल लागताच अख्खा स्विचच किंचित मागे झुकत होता. त्याच्या दोनपैकी एक स्क्रू अर्धा फेरा सैल होता. आवळला, आणि पुन्हा सुटू नये म्हणून आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकला.